वाघालाही असतो उपास

आपल्या बायकांचे उपास म्हणजे संकष्टी, एकादशी, हरतालिका आणि श्रावणातले सोमवार. पण मैत्रिणींनो, वाघालाही उपास असतो हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस काहीच खायला देत नाहीत. जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नाही. दहा वेळा झेप घ्यावी तेव्हा कुठे एखादं जनावर हाती लागतं, नाहीतर पोट रिकामंच. पिंजऱ्यात मात्र रोज ठरल्या वेळी आयतं ताट समोर, आणि हिंडणं-फिरणं बेताचं. मग अंगावर चरबी चढते, पचन बिघडतं. म्हणून हा उपास. त्यात साबुदाण्याची खिचडी नाही, भगर नाही. अगदी कडकडीत!

हे मला कळलं ते आमच्या बचत गटाच्या सहलीत. पारोळ्याहून आम्ही बावीस जणी पुण्याला गेलो होतो. दगडूशेठ गणपती झाला, सारसबाग झाली आणि तिसऱ्या दिवशी कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पुणे महापालिकेनं १९५३ साली पेशवे पार्क सुरू केलं होतं. गावाच्या मधोमध जागा अपुरी पडू लागली, तेव्हा तिथले प्राणी कात्रजला हलवले. तिथे नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं १९८६ साली सुरू झालेलं सर्पोद्यान आधीपासून होतंच. तळं धरून सुमारे १३० एकरांचा हा परिसर आहे. चालून चालून आमचे पाय दुखले, पण एकीनंही कुरकुर केली नाही. (जाणार असाल तर लक्षात ठेवा, बुधवारी ते बंद असतं.)

पुरुष मंडळी वाघ पाहून म्हणतात, ‘केवढा मोठा आहे!’ आमच्या गटातल्या एका मावशींनी विचारलं, “का वं ताई, याचं झाडझूड कोन करत असीन?” बाईमाणसाला पहिला प्रश्न सुचला तो हा! मग आम्ही समोरून झाडू घेऊन येणाऱ्या एका प्राणीरक्षकालाच गाठलं. आमच्या प्रश्नांना तो आधी हसला, पण मग मोकळेपणी बोलू लागला. त्यानं सांगितलेलं आणि पुढे मी या विषयावर वाचलेलं, विचारलेलं असं मिळून आज तुम्हाला सांगते.

रोजचं रहाटगाडगं

प्राणीरक्षकाचं पहिलं काम खाऊ घालणं नव्हे, तर पाहणं. सकाळी आल्या आल्या तो प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभा राहतो. सगळे प्राणी आहेत ना, उठले का, काल टाकलेलं खाल्लं का, शेण-लेंडी कशी पडली आहे, कुणी पाय आखडून तर चालत नाही, हे सारं तो नजरेनं टिपतो आणि वहीत लिहितो. रानातलं जनावर आपलं दुखणं लपवतं. कळपात जो लंगडला तो मेला, हा तिथला नियम. त्यामुळे आजार बाहेर दिसेपर्यंत बऱ्याचदा फार उशीर झालेला असतो. डॉक्टर येतील तेव्हा येतील, पण ‘आज हिचं काहीतरी बिनसलंय’ हे पहिल्यांदा कळतं ते रोज तिथे असणाऱ्यालाच.

मला आमच्या सासूबाईंची आठवण झाली. गोठ्यात पाऊल टाकताच त्या सांगायच्या, “आज म्हैसनं काहीतरी बिघडेल शे.” ढेप तशीच पडलेली, कान पडलेले, रवंथ नाही. “मुकं जनावर शे, त्याले सांगता येस का?” असं म्हणत त्या आधी तिच्या पोटाला हात लावून पाहायच्या. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत, पण प्राणीरक्षकाचं अर्धं शास्त्र त्यांच्या हातात होतं.

मग झाडलोट. वाघ-बिबट्याच्या पिंजऱ्यात माणूस असाच आत जात नाही. प्राण्याला आधी दुसऱ्या कप्प्यात घ्यायचं, मधलं दार पाडायचं, कुलूप ओढून पाहायचं, आणि मगच झाडू उचलायचा. ‘काल लावलं होतं, आजही लागलं असेल’ असं इथे चालत नाही. दारापाशी पसरट टाकीत औषधाचं पाणी असतं. आपल्याकडे विहिरीत टाकतात ते लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वापरतात. त्यात पाय बुडवूनच पुढे जायचं, म्हणजे बाहेरचा रोग चपलेबरोबर आत येत नाही.

जेवणाची तऱ्हा तर सासरच्या एकत्र कुटुंबासारखी. प्रत्येकाचं वेगळं! एकट्या वाघाला दिवसाला दहा किलोच्या आसपास मांस लागतं. हरणांना हिरवा चारा आणि भुसा, अस्वलाला फळं, माकडांना भाज्या, अजगराला कितीतरी दिवसांतून एकदाच. वाघ-बिबट्यांना बहुधा संध्याकाळी रात्रीच्या खोलीत खायला ठेवतात, म्हणजे खाण्याच्या ओढीनं ते आपण होऊन आत येतात. उन्हाळ्यात पाण्याचे फवारे, कूलर आणि अस्वलांसाठी बर्फात गोठवलेली फळं. थंडीत हीटर आणि खाली गवत. नवीन आलेल्या प्राण्याला निदान तीस दिवस वेगळं ठेवायचं. आणि दिवाळी असो की पाडवा, पोटं तर रोजच भरायची. “साहेबांना रविवार असतो, आमच्या वाघाला नसतो,” असं तो प्राणीरक्षक म्हणाला, तेव्हा आम्ही बावीस जणी एकदमच हसलो. का हसलो ते तुम्हाला सांगायला नको!

एवढं करूनही घात होतो. नागपूरजवळच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणीत निघाला बर्ड फ्लू. कोंबडीच्या मांसातून तो शिरला असावा असा संशय होता. पुढे जुलै २०२५ मध्ये आम्ही पाहिलेल्या कात्रजलाच पंधराहून अधिक चितळं गेली, आणि कारण निघालं लाळ्या-खुरकूत. आपल्या गोठ्यात येतो तोच हा रोग. बातमी वाचली तेव्हा वहीत नोंदी करणारी ती माणसं डोळ्यांपुढे आली. हातानं चारा घातलेलं जनावर हातानं उचलून न्यावं लागणं म्हणजे काय, हे ज्या घरानं पोळ्याच्या तोंडावर बैल गमावला आहे त्यालाच कळेल.

माया म्हणजे कुरवाळणं नव्हे

आम्ही त्या प्राणीरक्षकाला विचारलं, “मग यांचा लळा लागत नाही का हो? जवळ घ्यावंसं वाटत नाही?” तो म्हणाला, “लळा लागतो ना. पण हात लावायचा नाही, हीच माया.” माणसाची फार सवय झालेलं जनावर ना माणसांत राहतं, ना आपल्या जातभाईंत. आणि आपले रोगही त्याला लागतात.

तुम्ही म्हणाल, मग हेमलकशाचं काय? डॉ. प्रकाश आमटे तर बिबट्याला घेऊन फिरायचे! त्याची गोष्ट वेगळी आहे. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे वीज नसलेल्या जंगलात संसार मांडून बसले. एकदा शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींकडे त्यांना मेलेली माकडीण दिसली. तिचं जिवंत पिल्लू तिलाच चिकटून दूध शोधत होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं. ते लोक हौसेसाठी नाही, भुकेपोटी शिकार करत होते. म्हणून दोष न देता डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की पिल्लं मारू नका, आम्हाला आणून द्या, बदल्यात आम्ही धान्य-कपडे देऊ. असं करत करत अस्वलं, बिबटे, तरस, कोल्हे, साळिंदर, मगरी असा गोतावळा जमला आणि प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. प्रकल्पातील विलास मनोहर यांनी ‘नेगल’ या पुस्तकात या सोबत्यांबद्दल लिहिलं आहे, तर डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘रानमित्र’ही आहे. वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला या गोष्टीत भावतात त्या मंदाताई. दवाखान्यात रुग्णांची रीघ, अंगणात रानातली पिल्लं, घरात स्वतःची मुलं, आणि या सगळ्यांचं रोजचं करणं. पण हेमलकशाला आलेली पिल्लं पोरकी होती. त्यांना आई उरली नव्हती म्हणून माणसाला आई व्हावं लागलं. जिची आई जवळच आहे, त्या पिल्लाची आई व्हायला आपण धावू नये, हे आपण विसरतो.

आपल्या खान्देशात हे फार लागू आहे. ऊसतोडीला, मका कापताना शेतात बिबट्याची पिल्लं सापडतात. डोळेही नीट न उघडलेली, मांजरीसारखी गोजिरवाणी. लगेच कडेवर घेऊन फोटो काढायची घाई होते. खरं तर मादी शिकारीला गेलेली असते, नाहीतर माणसांच्या गोंगाटानं जवळपासच दबा धरून असते. अशा वेळी सगळ्यांनी मागे सरायचं आणि वनविभागाला कळवायचं. त्यांचे लोक पिल्लं त्याच जागी टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात, आणि बऱ्याचदा रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नर, नाशिक भागात असं कितीदा तरी झालं आहे. पण आई-लेकरांची ताटातूट झाली, तर त्या पिल्लाच्या नशिबी जुन्नर तालुक्यातल्या माणिकडोहसारखं निवारा केंद्र येतं. तिथे जीव वाचतो, पण जंगल कायमचं सुटतं.

आपल्या घरातला पिंजरा

बिबट्या तसा लांबचा. पण ओसरीवर टांगलेला पिंजरा? आमच्याच गटातल्या एका काकूंकडे सहा वर्षं पोपट होता. मिरची खायचा, “आई, चहा” म्हणायचा. सहलीहून आल्यावर मी त्यांना हळूच सांगितलं की काकू, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला रानपोपट पाळता येत नाही, त्यासाठी दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्याले सोडी दिधं ते मी कोनसंगे बोलसू?”

यावर मी काय बोलणार? काका गेले, दोन्ही मुलं सुरतेला. दिवसभरात त्यांना ‘आई’ म्हणणारं तेवढंच एक होतं. मी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्यांच्याकडे जाणं वाढवलं. ढोलीतून काढलेली किती पिल्लं बाजारात पोचण्याआधीच मरतात, पोपट थव्यानं राहणारा पक्षी आहे, असं बोलता बोलता निघायचं. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी झाडावर पोपटांचा थवा ओरडत बसला आणि आतला पिंजऱ्याच्या तारा चावत राहिला. दुसऱ्या दिवशी काकूच मला म्हणाल्या, “फोन लाव त्यासले.”

वनविभागाचा माणूस आला. त्यानं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पाळलेला पोपट दार उघडून सरळ उडवून द्यायचा नाही. कापलेल्या पंखांनी तो उडू शकत नाही, मांजर नाहीतर कावळे त्याला टिपतात. पिसं पुन्हा यावी लागतात, उडायची ताकद यावी लागते, आणि मगच ठरतं की तो मोकळा राहू शकेल की नाही. काकूंनी त्याच्याबरोबर रुमालात चार हिरव्या मिरच्या बांधून दिल्या. पिंजरा गेला, पण ओसरीचा हूक अजून तसाच आहे. काकूंना करमत नाही हेही खरं. आता आमच्या गटाची बैठक मात्र त्यांच्याच ओसरीवर भरते.

मैत्रिणींनो, वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. जखमी पक्षी, विहिरीत पडलेला कोल्हा, शेतात सापडलेलं पिल्लू, काहीही असो, आधी तो फिरवा. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचं परळ ठेवा आणि रोज घासून धुवा, कारण साचलेल्या पाण्यानं पाखरंच आजारी पडतात. आणि मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायला न्याल, तेव्हा हातातला वेफर्सचा पुडा पिशवीतच ठेवा. तिथे प्राण्यांना खायला टाकणं, छेडणं हा गुन्हा आहे. वाघ झोपलेला असेल तर दगड मारून उठवायला जाऊ नका. कदाचित त्याचा उपास असेल!

मुलांना वाघ दाखवून झाला, की कोपऱ्यात टेकवलेला झाडूही दाखवा. वाघ जगतो तो त्याच्या जोरावर.