एडिनबराची 'फ्रिंज' : दार खुले, उंबरठा महाग

ऑगस्ट महिना उजाडला, की स्कॉटलंडची राजधानी असलेल्या एडिनबरा शहराचे रूप पालटते. चर्चची सभागृहे, विद्यापीठाचे वर्ग, मद्यालयांची तळघरे, जुन्या पुलांच्या कमानींखालील दालने, अशा जिथे म्हणून पन्नास खुर्च्या मांडता येतील, तिथे रंगमंच उभा राहतो. सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत प्रयोगांमागून प्रयोग होत राहतात. सुमारे तीन आठवडे चालणारा हा 'एडिनबरा फेस्टिव्हल फ्रिंज' प्रयोगकलांच्या जगातील सर्वांत मोठ्या महोत्सवांत गणला जातो. शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या घरातील. पण २०२४ च्या महोत्सवात साडेतीन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले आणि सुमारे २६ लाख तिकिटे गेली.

या पसाऱ्याचे मूळ मात्र आगंतुकपणात आहे. दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या युरोपला कलेच्या निमित्ताने पुन्हा एकत्र आणावे, या हेतूने १९४७ मध्ये एडिनबरा येथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्यात नामवंतांना निमंत्रणे होती. निमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या तरीही आल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी आपले प्रयोग केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केम्प या स्कॉटिश नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाभोवतीच्या या हालचालींसाठी 'फ्रिंज', म्हणजे काठ किंवा झालर, हा शब्द वापरला. तोच पुढे रूढ झाला. आज प्रयोगांच्या संख्येत हा काठ मूळ वस्त्राहून कितीतरी मोठा झाला आहे.

निवड कोणीच करीत नाही

१९५८ मध्ये सहभागी मंडळ्यांच्या सोयीसाठी 'फ्रिंज सोसायटी' स्थापन झाली. सामाईक कार्यक्रमपत्रिका छापणे, तिकीटविक्रीची व्यवस्था पाहणे, नवख्यांना मार्गदर्शन करणे ही तिची कामे. नाटकांची निवड करायची नाही, हे तत्त्व मात्र तिने प्रारंभापासून कसोशीने जपले. येथे ना परीक्षक मंडळ, ना प्राथमिक फेरी. संहिता कोणी वाचून पाहत नाही. ज्याला सादर करण्याजोगे काही आहे आणि जागा देणारा कोणी मिळाला आहे, तो नोंदणीशुल्क भरून सहभागी होतो.

या मोकळेपणाने रंगभूमीला बरेच काही दिले. टॉम स्टॉपर्ड यांचे 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डेनस्टर्न आर डेड' हे नाटक १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी फ्रिंजमध्ये सादर केले आणि वर्षभरातच ते लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. फीबी वॉलर-ब्रिज यांचा 'फ्लीबॅग' हा एकपात्री प्रयोग २०१३ मध्ये येथेच प्रथम गाजला. पुढे त्यावरची दूरचित्रवाणी मालिका जगभर पोहोचली. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये आणलेले 'सिक्स' हे संगीतक ब्रॉडवेपर्यंत गेले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर भारतीय अभिनेत्रींनी स्वतःचे अनुभव मांडत उभे केलेले 'निर्भया' हे यायेल फार्बर दिग्दर्शित नाटकही २०१३ मध्ये याच महोत्सवातून जगासमोर आले.

हिशेब कसा जुळतो?

निवड नाही, याचा अर्थ चाळणी नाही, असा मात्र नव्हे. ती चाळणी खर्चाची आहे. सोसायटीकडे स्वतःची नाट्यगृहे नसतात. जागा स्वतंत्र चालकांच्या ताब्यात असतात आणि प्रत्येक मंडळीला त्यांच्याशी वेगळा करार करावा लागतो. कुठे ठरावीक भाडे असते, तर कुठे तिकिटांच्या उत्पन्नात वाटणी. वाटणीच्या करारातही चालकाला किमान रकमेची हमी द्यावी लागते, असे अनेकदा घडते. प्रेक्षक आले नाहीत, तर तोटा मंडळीच्या पदरी पडतो.

जागेचा वेळही मोजून मिळतो. साधारण तासाभराचा प्रयोग आणि त्याआधी-नंतर मिळून काही मिनिटे. एका खोलीत दिवसाला सात-आठ नाटके होत असल्याने नेपथ्य उभारायला आणि आवरायला तेवढीच सवड असते. साहजिकच एकपात्री प्रयोग, मोजकी मंचसामग्री, एखाददुसरी खुर्ची यांकडे कल वाढतो. फ्रिंजच्या नाटकांचा सुटसुटीतपणा केवळ सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. त्याला भाड्याचे गणितही कारणीभूत आहे.

त्यात निवासाची भर पडते. ऑगस्टमध्ये शहरातील घरभाडी गगनाला भिडतात. महिनाभराची खोली हाच अनेक कलावंतांचा सर्वांत मोठा खर्च ठरतो. उरलेला वेळ 'रॉयल माइल' या जुन्या रस्त्यावर पत्रके वाटण्यात जातो, कारण हजारो कार्यक्रमांच्या गर्दीत आपले नाव प्रेक्षकाच्या कानावर घालण्याचा तोच स्वस्त मार्ग. एखाद्या वृत्तपत्रातील चांगले परीक्षण नशीब पालटू शकते. पण समीक्षक मोजके आणि नाटके अगणित.

पर्याय आणि प्रश्न

यावर काही तोडगे निघाले. १९९६ मध्ये पीटर बकली हिल यांनी 'फ्री फ्रिंज'ची कल्पना रुजवली. मद्यालयाचा मालक जागा विनामूल्य देतो, प्रेक्षक तिकिटाविना येतात आणि निघताना इच्छेप्रमाणे पैसे टाकतात. अलीकडे सोसायटीमार्फत 'कीप इट फ्रिंज' निधीतून कलावंतांना प्रत्येकी अडीच हजार पौंडांचे साहाय्य दिले जाऊ लागले. २०२४ मध्ये असे १८० जण निवडले गेले. येथे निवड आलीच, पण ती प्रवेशासाठी नव्हे, मदतीसाठी.

कॅनडातील फ्रिंज महोत्सवांनी वेगळी वाट धरली. एडमंटन येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या महोत्सवाच्या मागोमाग तेथे अनेक शहरांत फ्रिंज उभ्या राहिल्या. मुख्य नाट्यगृहांतील जागा मर्यादित असल्याने कोणाला संधी मिळेल हे बहुधा सोडतीने ठरते, आणि तिकिटाची मूळ किंमत कलावंताच्या हाती जाते. तेथे दारात चिठ्ठी टाकावी लागते, परंतु आत गेल्यावर जोखीम मर्यादित राहते. एडिनबरामध्ये दार सताड उघडे आहे, मात्र आतली जोखीम सारी आगंतुकाची.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये स्थापनेपासून प्रथमच हा महोत्सव रद्द झाला. त्यानंतर प्रेक्षक परतले, तसे खर्चही वाढले. १९४७ च्या त्या आठ मंडळ्यांजवळ निमंत्रण नव्हते, पण शहरात राहणे आणि एखादे सभागृह मिळवणे त्यांच्या आवाक्यात होते. आज निमंत्रण कोणालाच लागत नाही. महिनाभराचे भाडे मात्र प्रत्येकाला लागते. घरची ऐपत नसलेला, नोकरी सोडून येऊ न शकणारा तरुण रंगकर्मी यात मागे पडला, तर त्याला कोणी नाकारले अशी नोंद कुठेही होणार नाही. तो कार्यक्रमपत्रिकेत दिसणारच नाही, इतकेच.