एकाच पाषाणातील देव आणि भक्त : 'अमृतानुभवा'तील भक्तिविचार

भक्ती म्हटली की देव आणि भक्त हे द्वैत गृहीत धरावे लागते. सारे विश्व एकाच चैतन्याचे रूप मानल्यास भक्ती कोणी कोणाची करावयाची? 'अमृतानुभव' शिकविताना हा प्रश्न हमखास उपस्थित होतो.

शांकर वेदान्तात जगाच्या प्रतीतीची उपपत्ती अविद्येच्या आधारे लावली जाते. दहा प्रकरणांच्या 'अमृतानुभवा'तील सर्वांत विस्तृत असे सातवे प्रकरण मात्र अज्ञानाच्या खंडनासाठीच योजिलेले आहे. अज्ञानच सिद्ध होत नसेल, तर जगाला अज्ञानजन्य भास तरी कसे म्हणावे? जग हा चैतन्याचाच विलास ठरतो. अभ्यासक या भूमिकेस 'चिद्विलासवाद' किंवा 'स्फूर्तिवाद' म्हणतात. तिसऱ्या प्रकरणातील शिवसूत्राच्या निर्देशामुळे काश्मिरी शैव विचाराशी तिचे नातेही चर्चिले गेले आहे.

भक्तीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर नवव्या प्रकरणात मिळते. डोंगर कोरून त्यातूनच देव, देऊळ आणि परिवार घडवावा, तसा अद्वैतात भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असा ज्ञानेश्वरांचा दृष्टांत आहे. फुलंब्री परिसरातील विद्यार्थ्याला तो समजावून द्यावा लागत नाही. वेरूळचे आठव्या शतकातील कैलास लेणे त्याच्या पाहण्यातले असते. ज्ञानेश्वरांना दृष्टांत तेथेच सुचला, असा दावा येथे करावयाचा नाही. तथापि शिवलिंग, त्याच्यासमोरचा नंदिमंडप आणि मंदिराचा भार पेलणारे हत्ती एकाच कातळातले आहेत, हे तेथे डोळ्यांना दिसते. कातळ एक आहे म्हणून आकार खोटे ठरत नाहीत. आकार अनेक आहेत म्हणून कातळ दुभंगत नाही. भक्तिभावाचेही तसेच आहे. तो ज्ञानापूर्वीची पायरी नसून ऐक्याचाच सहज आविष्कार आहे.

ही भूमिका मान्य केली की एक प्रश्न टाळता येत नाही. देव, देऊळ आणि परिवार एकाच पाषाणाचे असतील, तर देवळाबाहेर कोणाला ठेवावयाचे? चोखोबा मात्र महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधीही तेथेच आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर (1296) सुमारे साडेसहा शतकांनी, 1947 साली, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

सामाजिक व्यवहार हा 'अमृतानुभवा'चा विषय नव्हे, हे खरे. पण विश्व चैतन्यमय आहे ही श्रद्धा केवळ भावावस्थेत राहिली, तर तिच्या छायेत भेदही सुखाने नांदू शकतो, हे या इतिहासावरून दिसते. म्हणून चिद्विलासाचा अभ्यास चोखोबांच्या अभंगांसह व्हावयास हवा. एकात सिद्धान्त आहे, दुसऱ्यात त्याची कसोटी.