मेंदूची साक्ष

शिर्डी हे यात्रेकरूंचे गाव. येथे लॉजमध्ये एखाद्या भाविकाची पिशवी नाहीशी झाली, की पहिला संशय येतो तो खोली झाडणाऱ्या पोरावर. युनियनच्या कामात अशी प्रकरणे आम्ही पुष्कळ पाहिली. एका पोराविरुद्ध मालकाचा मोठा पुरावा कोणता, तर पिशवी कपाटात होती हे त्याला माहीत होते! अहो, रोज ते कपाट पुसणाऱ्याला हे माहीत नसेल, तर कोणाला असेल? आजच्या विषयाचे मर्म आम्हांस याच प्रश्नात दिसते.

विषय आहे मेंदूच्या लहरींवरून गुन्ह्याचा शोध घेण्याचा. मेंदूत सूक्ष्म विद्युत्-लहरी अखंड चालू असतात आणि डोक्याला तारा लावून त्यांचा आलेख काढता येतो. अनेक परक्या वस्तूंत एखादी ओळखीची वस्तू समोर आली, की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी आलेखात एक उंच लाट उमटते. तिला ‘पी-३००’ म्हणतात. १९६५ साली सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगापुढे मांडली, आणि १९९१ साली फारवेल व डॉन्चिन या अमेरिकन संशोधकांनी दडविलेली माहिती शोधण्याकडे तिचा उपयोग केला. समजा, संशयिताला सहा चाकू दाखविले व खुनातल्या चाकूलाच लाट उठली, तर तो चाकू त्याच्या ओळखीचा आहे, एवढे अनुमान निघते.

आपल्याकडे बंगळूरचे मानसशास्त्रज्ञ मुकुंदन यांनी याहून पुढचा दावा केला. ऐकीव माहिती आणि स्वतः केलेली कृती यांतला फरकही यंत्र सांगते, असे त्यांच्या पद्धतीचे म्हणणे. संशयिताने डोळे मिटून गप्प बसावयाचे आणि गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकावयाची. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात इतर पुराव्यांबरोबर ही चाचणीही ग्राह्य धरली व एका तरुणीस जन्मठेप दिली. ही वार्ता जगभर गाजली. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीने या चाचण्या शास्त्रीय कसोटीस उतरत नाहीत, असा अभिप्राय दिला. त्या तरुणीस पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला.

याआधी, २००४ साली, मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणात याच उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांस मोकळीक दिली होती. परंतु ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी’ खटल्यात निर्णय दिला, की संमतीवाचून ही चाचणी कोणावरही लादता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर नसावी, हे संविधानाच्या २० व्या कलमाचे वचन मेंदूलाही लागू झाले. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू हाती लागली, तर तिचा मात्र विचार होऊ शकतो.

कोणी म्हणेल, निर्दोष माणसाने भ्यावे कशाला? आमचे उत्तर असे, की लाट फार तर ओळख सांगेल. ती ओळख कोठून आली हे सांगणार नाही. मोलकरीण, पहारेकरी, शेजारी, प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार, या सर्वांना घटनास्थळ ठाऊकच असते. शिवाय बाजारात गवगवा झाला, वर्तमानपत्रात छापून आले, की गावच जाणकार होतो. आणि कोठडीत बसलेल्या, उद्याच्या भाकरीची भ्रांत असलेल्या माणसाची संमती ती कितपत संमती? म्हणूनच न्यायालयाने सांगितले, की ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी व माणसाला वकिलाचा सल्ला मिळावा. हे दोन हक्क प्रत्येक कामगाराने पाठ करून ठेवावेत.

त्या पोराच्या डोक्याला कोणी तारा लावल्या नव्हत्या. त्याला माहीत होते, एवढ्यावरच त्याची नोकरी गेली. पिशवीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारलेही नाही.