फाइल आहे, पण उघडणार कशावर?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित आधार थांबला आणि जुनी यंत्रे भंगारात काढायला निमित्त मिळाले. यंत्राबरोबर काय जाते, हे कोल्हापूरने तरी विचारावे. बाबुराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट (1920) इथेच घडला. आज तो पाहायला मिळत नाही.

छपाईचेही तसेच होऊ शकते. खिळे जुळवण्याचा काळ सरला, त्याचे सोयरसुतक फारसे नको. जीव अडकतो तो 1990च्या दशकात. डीटीपी आले, जुळाऱ्याच्या जागी ऑपरेटर बसला आणि साखर कारखान्यांचे अहवाल, तालमींच्या स्मरणिका, गावोगावचे दिवाळी अंक फ्लॉपीत आणि टेपवर गेले. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक आकडे देणाऱ्या इस्कीचे भारतीय प्रमाण 1991चे, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, देवनागरीसह. तरीही फॉन्टवाल्यांनी आपापले आकडे चालवले. एकाच्या फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्यात भलतेच अक्षर. त्यावर प्रिंटरच्या पोर्टला लावायचा डोंगल. तो हरवला की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही मुके. चोरी रोखायची होती, हे मान्य. पण लिहिणाऱ्याचा मजकूरच कुलपात ठेवण्याचा अधिकार त्यातून कुणालाच मिळत नव्हता.

कन्व्हर्टर आहेत की, असे कुणी म्हणेल. आहेत, आणि उपयोगीही आहेत. पण मूळ फॉन्ट कोणता हे कळले तरच. जुन्या फाइलीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे. रूपांतर बरोबर झाले की नाही, हे मूळ पान मूळ यंत्रावर पाहूनच ठरते. छापील प्रत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप पुस्तकांपुरता ठीक. स्मरणिका ग्रंथालयात क्वचितच पोचतात, आणि 2005, 2019, 2021च्या पुरांनंतर पंचगंगेकाठी कागदावर किती भिस्त ठेवायची?

काम सावकाशीचे आहे. टेप थेट ड्राइव्हमध्ये सारू नये. आतल्या रबरी चाकाचा चिकट गोळा झालेला असू शकतो, आणि तो टेपही खराब करतो. फ्लॉपीवर बुरशी असेल तर आधी साफसफाई, मग चुंबकीय नोंदीची जशीच्या तशी प्रत, रूपांतर त्यानंतर. शिवाजी विद्यापीठाने त्या काळची दोन-तीन यंत्रे फॉन्ट आणि डोंगलसकट चालू ठेवली, तर मुद्रकांना आपले खोके घेऊन जायला जागा होईल. तोवर ज्याच्याकडे असे यंत्र आहे, त्याने ते चालू करण्याआधी मदरबोर्डवरची पिंपासारखी बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी; तिच्यातून पाझरलेला क्षार तांब्याच्या रेषा खातो आणि भोवती हिरवट-निळी पुटे चढवतो.