तिसगावची अक्षरं किती?

"काका, एवढं तपासून द्या," म्हणत तिसगावच्या एका विद्यार्थ्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आलाय, पायथन शिकतोय. काळ्या टर्मिनलवर रेघा, कंस आणि तारे यांतून रचलेला मोर होता. त्याने कमांड दिली आणि मोर पिसाऱ्यापासून निळा-हिरवा होत गेला. दीडशेक ओळींचा प्रोग्राम, सगळा हाताने लिहिलेला. मला फार आवडला, म्हणूनच ओळ न् ओळ वाचली.

टर्मिनलमधला रंग मजकुरातच मिसळलेला असतो. 'एस्केप' नावाचं २७ क्रमांकाचं न दिसणारं चिन्ह, मागोमाग चौकोनी कंस, ३१ हा आकडा आणि एम हे अक्षर. एवढं आलं की पुढचं सगळं लाल. अशा खुणांची पद्धत व्हीटी-१०० या १९७८ च्या टर्मिनलने रुळवली. लाल ३१, हिरवा ३२, निळा ३४. पोराला हे आकडे पाठ होते, पण ३३ पिवळाच का, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लालाचा एक, हिरव्याचे दोन, बेरीज तीन, म्हणून पिवळा. निळ्याचे चार धरले की तिन्ही मिळून सात, म्हणजे ३७, पांढरा. रंगपंचमीला लाल आणि हिरवं पाणी एका बादलीत ओतलं तर मातकट होतं. पडद्यावर मात्र प्रकाशात प्रकाश मिसळतो, त्यामुळे पिवळा उजळून येतो.

चुका दोन सापडल्या, दोन्ही नवशिक्याच्या नेहमीच्या. रंग संपल्याची शून्याची खूण शेवटी टाकली नव्हती, त्यामुळे प्रोग्राम थांबला तरी पुढच्या कमांडा हिरव्याच उमटत होत्या. आणि मोर फाइलीत साठवला की त्या खुणांचा कचराही सोबत जात होता. समोर टर्मिनल आहे की फाइल, हे आधी विचारून घ्यावं लागतं. पायथनमध्ये ते एका ओळीचं काम.

मग मी म्हटलं, "आता तुझ्या गावाचं नाव रंगव."

प्रत्येक अक्षराला वेगळा रंग, अशी त्याची योजना होती. 'तिसगाव' टाइप केलं आणि पडद्यावर वेलांटी 'त'पासून सुटून टिंबांच्या वर्तुळाला चिकटली, 'गा'चा काना वेगळ्याच रंगात लोंबला. दोष त्याच्या हिशेबात नव्हता. आपण 'तिसगाव' ऐकतो ते चार अक्षरांत: ति, स, गा, व. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणारं युनिकोड हे प्रमाण वेलांटीला आणि कान्याला स्वतंत्र क्रमांक देतं, म्हणून पायथन मोजतं सहा. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तेच अठरा बाइट भरतात. सहा तुकड्यांच्या मध्ये मध्ये रंगाच्या खुणा घुसल्या, की जोडून काढायचं अक्षर टर्मिनलला जोडता येत नाही.

ही अडचण जुनी आहे. देवनागरी संगणकावर आणण्यासाठी आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्रज्ञान उभं केलं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. व्यंजन, हलन्त, मात्रा असे सुटे घटक साठवायचे आणि दाखवताना सांधायचे, हा विचार बाराखडी शिकलेल्याला लगेच पटावा असा आहे. रंगवणाऱ्या प्रोग्रामनेही आधी सांधायचं आणि मग रंगवायचं.

आम्ही तसंच केलं. तुकडा मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर तो आधीच्या तुकड्याला चिकटव, अशी चार ओळींची भर टाकली. 'तिसगाव' चार रंगांत नीट आलं. मग त्याने आपणहून तालुक्याचं नाव टाकलं, 'पाथर्डी', आणि रफार हटून बसला. हलन्त 'र'ला चिकटला, 'डी' मात्र वेगळी पडली. हलन्तानंतर येणारं व्यंजनही त्याच अक्षरात धरावं, हा नियम युनिकोडच्या मजकूर-खंडनाच्या नियमावलीतही २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. आणखी एक ओळ लिहून झाली तेव्हा 'पा' लाल, 'थ' पिवळा आणि रफारासकट 'र्डी' निळा दिसला.

"आता क्ष्म्या," तो म्हणाला, आणि 'लक्ष्म्या' टाइप करू लागला.