डोळा लागताना श्वास का अडकतो?



येरवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या, "डोळा लागतो न लागतो तोच श्वास कोंडतो. दचकून उठून बसते. घरचे म्हणतात, टेन्शन घेतेस." ते ऐकून आणखी तिघी म्हणाल्या, "आम्हालाही असंच होतं." म्हणून आज याच विषयावर बोलू.

झोप लागताना अंग सैल पडतं, श्वास थोडा संथ होतो. एखाद्या रात्री पायरी चुकल्यासारखा झटका बसून जाग आली, तर घाबरू नका. पण पुन्हा पुन्हा श्वास अडकत असेल, तर कारण शोधायलाच हवं. कारणं वेगवेगळी असतात.

आडवं पडल्यावर दम लागतो आणि उठून बसल्यावर बरं वाटतं? पायावर सूज आहे? मग हृदयाची तपासणी आधी करा. रात्री खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते? हा दमा असू शकतो. जेवून लगेच आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं? ते पित्त. आपण मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, सकाळी डोकं जड असतं? झोपेत घशाची वाट बंद होत असेल. वजन वाढलं, पाळी गेली की हा त्रास वाढतो. काळजीनेही छाती धडधडते, श्वास पुरत नाही. पण तपासणीआधी 'मनाचंच आहे' असं कुणी म्हणू नये.

घराकडेही बघा. एकाच खोलीत चूल, ओल आलेली भिंत आणि दार लावून पेटवलेली डासांची कॉइल. एका कॉइलचा धूर सुमारे १०० सिगारेटींइतका, असा इशारा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने दिलेला आहे. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

त्या ताईंना आम्ही एकच विचारलं, "उशा किती घेता?" त्या म्हणाल्या, "आधी एक, आता तीन." आम्ही त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. इसीजी आणि इको झाला. हृदयाची झडप आकसलेली निघाली. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्याचा तो परिणाम. वर्षभर त्या 'टेन्शन' समजून गप्प होत्या. आता गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी पुढचे उपचारही सांगितले आहेत.

तुम्ही काय कराल? आठ दिवस लिहून ठेवा: त्रास कधी झाला, उशा किती लागल्या, रात्री काय खाल्लं. घोरण्याचं घरच्यांना विचारा. ती वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासा, कारण रक्त कमी असलं तरी दम लागतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. मनाने झोपेची गोळी घेऊ नका, तिने श्वास आणखी मंदावू शकतो.

छातीत दुखलं, ओठ निळसर पडले, बोलतानाही धाप लागली किंवा गरोदर बाईला आडवं पडवेना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर एकमेकींना हेही विचारा, "ताई, रात्री झोप नीट लागते ना?"