विहिरीची मोटर आणि नळाचं प्रेशर

पावसाळ्यात धो धो चालणारा नळ मे महिन्यात करंगळीएवढी धार सोडायला लागला, की भोर-वेल्ह्यात पहिलं निदान ठरलेलं असतं: मोटर कमी पडतेय. मग एकच्या जागी दोन एचपीची मोटर येते, विजेचं बिल वाढतं आणि पुढच्या मे महिन्यात धार पुन्हा तेवढीच.

दोष मोटरचा क्वचितच असतो. तो शोधायचा तर आधी इथला खडक समजून घ्यावा लागतो. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत अशी धरणं या दोन तालुक्यांत आहेत, सह्याद्रीच्या धारेवर पाऊसही भरपूर पडतो. पण हिरडस मावळापासून गुंजण मावळापर्यंत पायाखाली आहे तो दख्खनचा बेसॉल्ट. अखंड काळ्या पाषाणात पाणी साठत नाही. ते साठतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा लहान, आणि जमीन उताराची. त्यामुळे मुरलेलं पाणी दिवाळीपासूनच ओढ्या-नाल्यांकडे निघून जाऊ लागतं. एकाच विहिरीची पातळी ऑक्टोबर आणि मे यांत कित्येक मीटरने खाली-वर होते. प्रेशरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या फरकात आहे.

एक हिशोब पाठ असला तर पुढचं सगळं सोपं जातं. १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब देतो. प्लंबर ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात ते हेच. पाणी १० मीटर वर चढवलं की १ किलो खर्च होतो, १० मीटर खाली आणलं की १ किलो मिळतो.

‘एचपी वाढवला की प्रेशर वाढतं’

एचपी म्हणजे मोटरची ताकद. ती ताकद जास्त पाणी थोड्या उंचीवर नेण्यात खर्च करायची, की थोडं पाणी जास्त उंचीवर नेण्यात, हे पंपाची रचना ठरवते. एकाच एचपीचे दोन पंप शेजारी ठेवा: एक १५ मीटरपर्यंत भरपूर पाणी फेकेल, दुसरा ६० मीटरपर्यंत बारीक धार नेईल. प्रेशर हवं असेल तर पंपाच्या पट्टीवर बघायचा आकडा ‘हेड’चा. तो मीटरमध्ये असतो. त्याच्या शेजारी डिस्चार्ज, म्हणजे त्या उंचीला मिनिटाला किती लिटर, तेही लिहिलेलं असतं. दुकानात मात्र विचारलं जातं ते एवढंच: ‘कितीची पाहिजे?’

हेड मोजायचा तो मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीपासून, घरातल्या सगळ्यात उंच नळापर्यंत किंवा टाकीच्या तोंडापर्यंत. मोटर किती खोल सोडली आहे याचा इथे संबंध नाही. पाणबुडी मोटर पाण्याखाली आणखी पाच मीटर सोडली म्हणून तिला पाच मीटर जास्त उचलावं लागत नाही, कारण तिच्या वरचं पाणी तिला तेवढी मदत करतं. उचल मोजली जाते पाण्याच्या पृष्ठभागापासून.

आता एक उदाहरण. समजा पंप जास्तीत जास्त ३८ मीटरचा दाब तयार करू शकतो, आणि तो ऑटो स्विचवर चालतो, जो २.८ किलोला मोटर बंद करतो. ऑक्टोबरमध्ये पाणी काठापासून ३ मीटरवर आहे. काठावर ३५ मीटरचा, म्हणजे साडेतीन किलोचा दाब मिळू शकतो. स्विच वेळेवर पडतो. मे महिन्यात तेच पाणी १२ मीटरवर गेलं. आता काठावर उरले २६ मीटर, म्हणजे २.६ किलो. सगळे नळ बंद असले तरी स्विच २.८ गाठण्याची वाट बघत राहतो आणि मोटर थांबतच नाही. ती आतलं तेच पाणी घुसळत तापते. घरचे म्हणतात स्विच बिघडला. मेकॅनिक स्विच बदलून जातो. नवीनही तेच करतो. वास्तविक उन्हाळ्यापुरता कट-आउट, म्हणजे मोटर बंद होण्याचा आकडा, खाली आणला असता तर भागलं असतं.

गरजेपेक्षा जास्त हेडची मोटर आणणं हाही उपाय नव्हे. जास्त हेडचा सेंट्रिफ्यूगल पंप कमी उंचीवर मोकळा सोडला तर तो नेमून दिल्यापेक्षा जास्त पाणी फेकतो, जास्त अँपियर ओढतो आणि वायंडिंग तापतं. विहीरही लवकर उपसली जाते, ते वेगळंच.

‘मोठी टाकी बसवली की नळाला जोर येतो’

येत नाही. ५०० लिटरची टाकी आणि ५,००० लिटरची टाकी, दोन्हीतलं पाणी सारख्याच उंचीवर असेल तर नळाला दाब सारखाच. गच्चीवरची टाकी नळापासून ३ मीटर वर असेल तर मिळतात ०.३ किलो. हातपाय धुवायला पुरे, शॉवरला अपुरे.

खरं तर डोंगरउतारावर घर असणाऱ्याला इथे पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा सोय जास्त आहे. घरामागच्या चढावर १५ मीटर उंचीवर भक्कम ओट्यावर टाकी ठेवली तर दीड किलो प्रेशर मिळतं, तेही वीज नसताना. घरगुती वापराला दीड किलो भरपूर झालं. शेतातल्या विहिरीवरची थ्री फेज लाइट ठरलेल्या पाळीनेच येते. अशा ठिकाणी प्रेशर पंपाच्या नादी लागण्याआधी उतार बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीतून निघणाऱ्या पाईपला लगेच एक उघडी नळी वर काढून ती टाकीच्या तोंडापेक्षा उंच ठेवायची, म्हणजे टाकी एकदा रिकामी झाल्यावर लाइनमध्ये हवा अडकून धार तुटत नाही.

‘पाईप बारीक केला की प्रेशर वाढतं’

हा गैरसमज सगळ्यांत चिवट, कारण तो डोळ्यांना खरा दिसतो. बागेतल्या पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं. पण अंगठा काय करतो? तो वाहणारं पाणी कमी करतो. पाणी कमी वाहिलं की मागच्या लांबलचक पाईपमध्ये घर्षणात खर्च होणारा दाब वाचतो, आणि तो वाचलेला दाब शेवटच्या बारीक फटीत वेगाच्या रूपाने दिसतो. बादली मात्र उशिरा भरते. घड्याळ लावून बघा.

अंगठा टोकाला असतो म्हणून चालतं. अख्खी लाइनच बारीक टाकली तर उलट घडतं. पाईपचा व्यास निम्मा केला आणि तेवढंच पाणी न्यायचं म्हटलं, तर घर्षणात जाणारा दाब सुमारे ३२ पट होतो. ३० मीटर लांबीच्या अर्धा इंची पाईपमधून मिनिटाला १५ लिटर पाणी न्यायला साधारण ४ मीटर उंचीचा दाब नुसता पाईपच खातो. गच्चीवरच्या टाकीकडे तेवढा नसतोच. एक इंची पाईपमध्ये हाच खर्च अर्ध्या मीटरपेक्षाही बराच कमी. तेव्हा विहिरीपासून घरापर्यंत आणि टाकीपासून न्हाणीपर्यंत मुख्य लाइन जाड ठेवायची, आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या नळापाशी. शंभर-दोनशे मीटर लाइन असलेल्या वस्तीत पाईपचा खर्च वाचवून मोटरवर खर्च करणं म्हणजे दरमहा बिलातून ते पैसे फेडत राहणं.

‘मोटर काठावर आहे, पण ताकदीची आहे, ओढेल पाणी’

कुठलाही पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो पाईपमध्ये पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्यावर दाबून ते वर ढकलते. म्हणून मर्यादा हवेच्या दाबाची आहे: समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर, भोर-वेल्ह्याच्या सहा-सातशे मीटर उंचीवर साडेनऊच्या जवळपास, आणि घर्षण, बेंड, फुटव्हॉल्व्ह धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर. त्याखाली पाणी गेलं की पाच एचपीची मोटरही हवा धरते. मार्चमध्ये ‘मोटर हवा घेते’ ही तक्रार सुरू झाली की आधी दोर आणि दगड घेऊन पातळी मोजा. उपाय दोनच: मोटर विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवणं किंवा पाणबुडी बसवणं. पातळी सहा मीटरच्या आत असूनही हवा धरत असेल तर मात्र फुटव्हॉल्व्ह किंवा सक्शनचा एखादा जोड गळतोय.

‘प्रेशर टँक म्हणजे पाण्याचा साठा’

पंपाशेजारच्या त्या निळ्या-लाल टाकीत आत रबराची पिशवी किंवा पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. नळ उघडला की दाबलेली हवा फुग्यासारखी पाणी बाहेर ढकलते आणि मोटर लगेच चालू व्हायची गरज उरत नाही. १.४ किलोला चालू आणि २.८ ला बंद अशा सेटिंगमध्ये १०० लिटरची टाकी दोन स्टार्टच्या मधे देते तीसेक लिटर. बाकी जागा हवेची. वीज गेली तर दोन बादल्यांपलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको.

तिचं काम प्रेशर सावरणं आणि मोटरचे स्टार्ट कमी करणं. दर स्टार्टला मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. नळ जरासा उघडला तरी मोटर सारखी चालू-बंद होत असेल तर बहुतेक वेळा टाकीतली हवा गेलेली असते. लोक तेव्हा स्विचचा स्क्रू पिळतात, आणि गोंधळ वाढतो. योग्य क्रम असा: मेन स्विच बंद करा, नळ उघडून टाकीतलं पाणी पूर्ण जाऊ द्या, आणि मग टायरच्या गेजने हवा मोजा. ती चालू होण्याच्या प्रेशरपेक्षा थोडी कमी हवी, १.४ ला मोटर चालू होत असेल तर सुमारे १.२५ किलो. टाकीत पाणी असताना मोजलेली हवा खोटा आकडा दाखवते. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर आतली पिशवी फाटली. मग हवा भरून उपयोग नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं असेल तर स्विचकडे जाणारी बारीक नळी गाळाने तुंबलीय का, तेही बघून घ्या.

हल्ली मिळणारे इन्व्हर्टर प्रेशर पंप मोटरचा वेग कमी-जास्त करून दाब एकसारखा ठेवतात. चांगली वस्तू आहे. पण विहिरीला पाझर नसेल तर तीही काही करू शकत नाही. ड्राय-रन प्रोटेक्शन असलेलीच घ्यावी.

‘प्रेशर पंप लावला की गरम पाणीही जोरात येईल’

इथे जपून. गावाकडे घरांवर दिसणाऱ्या काचनळ्यांच्या सोलरपैकी बहुतेक बिनदाबाचे असतात, त्यांच्या टाकीला वर उघडी नळी असते. अशा टाकीला थेट पंपाचं प्रेशर दिलं तर टाकी फुगते, गळते किंवा उघड्या नळीतून पाणी वाया जातं. अर्धवट उपायही फसतो: थंड लाइनला पंप आणि गरम लाइन टाकीच्या उताराने, असं केलं तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं. दोन्ही लाइन एकाच दाबावर हव्यात. पंप लावायचाच असेल तर प्रेशराइज्ड सोलर घ्यावा लागतो.

‘व्होल्टेज नाही, कंडेन्सर मोठा टाका’

व्होल्टेज कमी असतं हे अनेकदा खरं. पण ते मोजायचं मोटरपाशी, मोटर चालू असताना, मीटरपाशी नव्हे. खाली ओढ्याकाठच्या विहिरीपर्यंत बारीक वायर नेली असेल तर २३० व्होल्ट वाटेतच गळून जातात. तिथे जाड केबल हाच इलाज. ठरलेल्यापेक्षा मोठा कंडेन्सर वायंडिंग तापवतो, आणि जळालेल्या मोटरचा दोष पुन्हा ‘लाइट’वर जातो.

‘विहिरीत पाणी कमी, म्हणून घराला पुरत नाही’

शेतीला पुरत नसेल. घराला बहुधा पुरतं. २० फूट व्यासाच्या विहिरीत १ सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे २९० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने पाच जणांच्या घराला दिवसाला लागतात २७५. म्हणजे रात्रीतून बोटभर पाझर आला तरी घर चालतं, फक्त ते हळूहळू उपसून टाकीत साठवावं लागतं. मे महिन्यात मोठ्या पंपाने दहा मिनिटांत विहीर कोरडी करण्यापेक्षा लहान पंप टायमरवर थोडा थोडा चालवलेला बरा.

‘गावच्या नळाला मोटर जोडली तर काय बिघडतं?’

विहीर आटली की हा मोह होतो. नळयोजनेच्या लाइनला थेट मोटर लावणं नियमबाह्य आहेच, शिवाय त्या ओढीने लाइनमध्ये पोकळी होते आणि फुटक्या जोडांतून गटाराचं, ओढ्याचं पाणी आत येतं. ते तुमच्याही नळाला आणि शेवटच्या घरालाही. योजनेचं पाणी येईल त्या दाबाने आधी आपल्या जमिनीलगतच्या टाकीत पडू द्या, आणि मोटर त्या टाकीला लावा. आणि नवीन मोटर घ्यायला बाजारात जाल तेव्हा आधी काहीशे रुपयांचा प्रेशर गेज घ्या, तो लाइनवर बसवून पाण्याची पातळी दोरीने मोजा, आणि ते दोन आकडे घेऊन मगच दुकानदाराशी बोला.